सर, यात डाऊनी कुठंय?



  या अधिवेशनाच्या पत्रिकेवर माझ्या अध्यक्षीय भाषणाचा विषय छापलाय, 'पदवीच्या विद्यार्थ्यांचे एआय संशोधन गट: आढावा आणि दिशा'. आढाव्याची चौदा पानं आयोजकांकडे दिली आहेत, स्मरणिकेत येतील. मला इथं एकच गोष्ट बोलायचीय. ती सात वर्षं घशात अडकली आहे.

आमच्याकडं तिसऱ्या वर्षाला तासगावकडची एक मुलगी होती. घरची द्राक्षबाग. मी वर्गाला प्रोजेक्ट वाटत होतो, रेशनवर साखर वाटावी तसे. तिच्या गटाला 'पानांवरून रोगनिदान' आला. 'प्लांटव्हिलेज' हा संच तुम्हाला पाठच आहे: ५४,३०६ छायाचित्रं, १४ पिकं, २६ रोग. उतरवून घ्या, तयार मॉडेल चढवा, नव्व्याण्णव टक्के अचूकता, व्हायव्हा आटोपला. आठवड्यानं ती केबिनमध्ये आली. "सर, यात डाऊनी कुठंय?"

मला प्रश्नच कळला नाही. तिनं समजावलं. संचात द्राक्षाचे रोग तीन, त्यांत ब्लॅक रॉट आहे, एस्का आहे. तिच्या वडिलांची झोप उडवणारे डाऊनी आणि भुरी नाहीतच. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की बागांतून फवारणीचे ब्लोअर कशासाठी फिरतात, हे त्या संचाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. शिवाय पानं तोडून, साध्या कागदावर ठेवून फोटो घेतलेले. बागेत पान असं एकटं, नीटनेटकं भेटत नाही. या संचावर मॉडेल शिकवणाऱ्या २०१६च्या निबंधाच्या लेखकांनी हे लपवलेलं नाही. वेगळ्या परिस्थितीतल्या फोटोंवर त्यांचंच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास घसरलं होतं. तो परिच्छेद आमच्या विभागात एकीनंच वाचला होता.

आणि मी काय म्हणालो? "आधी सबमिशन करून टाक. मग बघू."

तिनं नाही ऐकलं. चार पोरं जमवली, त्यांत एक मेकॅनिकलचा, एक शेतकी कॉलेजातला. शनिवारी एसटीनं जायचं, दिवसभर बागेत फोटो काढायचे. पानावरचा डाग डाऊनीचा की औषधानं भाजल्याचा, हे तिचे वडील बांधावर बसून सांगायचे. फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचे निळसर ओघळ मॉडेलला रोग वाटायचे. आठवडे त्यात गेले. निकाल नव्व्याण्णवच्या जवळपासही फिरकला नाही. एक्स्टर्नलनी विचारलं, शेजारच्या गटाला जमलं ते तुम्हाला का नाही? गुण कापले. मी शेजारीच बसलो होतो, चहा पीत.

पुढं त्यावर निबंध झाला. नावं अशी लागली: विभागप्रमुख, मग मी, मग द्राक्षाशी फक्त खाण्यापुरता संबंध असलेले एक सहकारी, आणि चौथी ती. नॅकच्या फायलीला बरं पडतं, असं मला सांगितलं गेलं आणि मी मान डोलावली.

काल दिवसभर या मांडवात दोन वाद रंगले. पहिला, पोरांना गणित येत नाही. अहो, मलाही येत नव्हतं. त्या मेकॅनिकलच्या पोरानं ग्रेडियंट डिसेंट मला फळ्यावर पुन्हा शिकवला, कारण त्याला त्याची गरज पडली होती. दुसरा, आपल्याकडं जीपीयू नाहीत. २०१२ साली टोरोंटोत अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्कीनं ज्या मॉडेलनं साऱ्या क्षेत्राला वळण लावलं, ते गेम खेळायच्या दोन कार्डांवर शिकवलं. प्रत्येकी ३ जीबी, पाच-सहा दिवस. आमची पोरं रात्री दोनला उठून गूगल कोलॅबवर बसायची. वाद मिटला असं मी धरतो.

उरला खरा मुद्दा, प्रश्न कुणाचा? ज्याचा प्रश्न, त्याचं नाव पहिलं. ट्रान्सफॉर्मरचा २०१७चा निबंध रोज वर्गात दाखवता ना? त्याच्या पहिल्या पानाची तळटीप दाखवा. आठही लेखकांचं योगदान सारखं, नावांचा क्रम कसाही लावलेला, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. त्या आठांत एडन गोमेझ आहे, तेव्हा पदवीच शिकणारा, गूगलमध्ये इंटर्न म्हणून आलेला. आपल्याकडं असता तर आभारात गेला असता. आणि फार लांब कशाला, पुण्यात एल३क्यूबच्या उपक्रमात पदवीच्या विद्यार्थ्यांनी २०२१मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीट्स माणसांकडून वाचून, खुणा करून भावविश्लेषणासाठी खुली केली. तिथं नावं पोरांची पुढं आहेत.

विद्यार्थ्यांचा गट म्हणजे आमच्या कामाला बिनपगारी हात, हा समज मी पंचवीस वर्षं जोपासला. आता मोडायला निघालोय तर निवृत्तीला आठ महिने उरलेत.

ठरावांचं म्हणाल तर एक समिती नेमू. तीत निम्मे विद्यार्थी असावेत. त्यांना कोण निवडणार, प्रवासखर्च कोण देणार, हे जेवणानंतर बसून पाहू.

बागेतले ते फोटो अजून माझ्या हार्डडिस्कवर आहेत. या अधिवेशनात खुले करू का, असं मी तिला गेल्या आठवड्यात फोनवर विचारलं. "करा सर, पण नावं मी पाठवीन." काल रात्री यादी आली. पहिलं नाव तिच्या वडिलांचं आहे. माझं शोधलं, दोनदा. नाहीये.