व्होल्ट, अँपिअर आणि पंपाची वायर

विजेचा दाब आणि प्रवाह या दोन गोष्टी मोजल्या की रोध आणि शक्ती या उरलेल्या दोन गोष्टी कागदावर काढता येतात. दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते. यातला पहिला संबंध जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली आपल्या ग्रंथात मांडला. धातूच्या तारेचे तापमान बदलले नाही, तर दाब वाढेल त्या प्रमाणात तिच्यातला प्रवाह वाढतो, असा हा नियम आहे.

घरातली इस्त्री घेतली तर हिशेब सरळ होतो. महाराष्ट्रात घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाने येते. इस्त्री चालू असताना प्रवाह ४.३५ अँपिअर भरला, तर २३० भागिले ४.३५ म्हणजे सुमारे ५३ ओहम हा तिच्या कॉइलचा रोध, आणि २३० गुणिले ४.३५ म्हणजे सुमारे १००० वॅट ही तिची शक्ती. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट वीज खर्च होते.

आता हीच इस्त्री रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या वाडीत, दाब १९० व्होल्टवर उतरलेला असताना लावली, तर काय होते? कॉइलचा रोध जवळपास तोच राहतो. त्यामुळे प्रवाह ३.६ अँपिअरपर्यंत खाली येतो आणि शक्ती ६८० वॅटच्या आसपास भरते. दाब सहाव्या हिश्श्याहून थोडाच अधिक घटला, पण शक्ती जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटली. दाब उतरला की त्याच्यासोबत प्रवाहही उतरतो आणि शक्ती या दोघांचा गुणाकार असते. म्हणून रोध तोच असताना शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते.

रोध तोच राहतो हे गृहीत मात्र प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही. जुन्या पद्धतीच्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध पेटलेला असताना ५२९ ओहम भरतो. तोच बल्ब थंड असताना मोजला तर तो ४० ओहमच्या आसपास निघतो. तार तापली की तिचा रोध वाढतो. एलईडी दिव्यात तर दाब आणि प्रवाह यांचे साधे प्रमाणच राहत नाही.

मोटरचा प्रकार आणखी वेगळा आहे. एक अश्वशक्तीचा पंप २३० व्होल्टवर ७ अँपिअर घेत असेल, तर गुणाकार १६१० येतो. पण हे वॅट नव्हेत. मोटरच्या वेढ्यांमुळे प्रवाह दाबाच्या मागे पडतो, म्हणून गुणाकाराला आणखी एका अंकाने, म्हणजे पॉवर फॅक्टरने, गुणावे लागते. तो ०.८ असेल तर खरी शक्ती सुमारे १२९० वॅट ठरते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट हे मोटर आपल्या दांड्यावर पंपाला देत असलेल्या शक्तीचे माप आहे. उरलेली वीज मोटर तापण्यात आणि घर्षणात जाते. शिवाय दाब उतरला की भार असलेली मोटर इस्त्रीसारखा कमी प्रवाह घेत नाही. तेवढेच पाणी ओढण्यासाठी ती अधिक प्रवाह घेते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि शेवटी मोटरचे वेढे, म्हणजे वाइंडिंग, जळू शकते.

हाच वर्गाचा नियम वायरलाही लागू आहे. मुंबई-गोवा महामार्गावरच्या तळेरे परिसरात आणि एकूणच कोकणात घर वर वाडीत आणि विहीर खाली बागेत, अशी मांडणी पुष्कळदा असते. समजा, मीटरपासून विहीर १०० मीटरवर आहे. वीज जाऊन परत येते, म्हणून वायर २०० मीटर धरावी लागते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा एवढ्या लांबीचा रोध सुमारे दीड ओहम असतो. ७ अँपिअर प्रवाहाला तिच्यात साडेदहा व्होल्ट दाब खर्च होतो आणि सुमारे ७३ वॅट नुसती वायर तापवण्यात जातात. मोटर सुरू होताना पाचपट प्रवाह मागते. तेव्हा वाटेत ५० व्होल्टच्या आसपास दाब गळतो. लाइनला आधीच दाब कमी असेल, तर मोटर नुसती घुमते, फिरत नाही. तीच वायर चार चौरस मिलिमीटरची घातली तर रोध ०.९२ ओहम होतो, दाबाची घट साडेसहा व्होल्टांवर येते आणि नुकसान ४५ वॅटवर थांबते. पंपासाठी जाड वायर घेण्याचा खर्च करावा तो या फरकासाठी.

वीज गावापर्यंत ११ हजार व्होल्टच्या लाइनने आणतात, त्यामागेही हेच कारण आहे. दाब वाढवला की तेवढीच शक्ती कमी प्रवाहात जाते आणि तारांमधले नुकसान घटते. गावातले रोहित्र तो दाब वापराजोगा उतरवते.

दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो; या हिशेबाचा शेवटचा उपयोग जिवाशी संबंधित आहे. ओल्या अंगाचा रोध १००० ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर; एवढा प्रवाह माणसाचा जीव घ्यायला पुरेसा आहे. ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे ईएलसीबी हे सुरक्षा उपकरण घरात असावे ते यासाठी. ओहम मोजायचे तर वस्तू विजेपासून पूर्ण सोडवूनच मोजावी, चालू प्रवाह क्लॅम्प मीटरने परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावा, आणि पावसाळ्यापूर्वी पंपाची वायर व अर्थिंग एकदा तपासून घ्यावे.