आपल्या डोमेनच्या नोंदी



देवगडचा एखादा बागायतदार हल्ली हापूसच्या पेट्यांची नोंदणी स्वतःच्या वेबसाइटवर घेतो. गावातलं ग्रंथालय नव्या पुस्तकांची यादी तिथे टाकतं, पतसंस्था ठेवींचे दर जाहीर करते. वेबसाइट करून देणारा बहुधा ओळखीतलाच कोणी असतो आणि तो सगळं मनापासून करून देतो. पण मालकाला विचारलं, की तुमच्या डोमेनच्या डीएनएस नोंदी कुठे आहेत, तर उत्तर येतं, "ते त्यालाच ठाऊक." या नोंदी समजायला संगणकाची पदवी लागत नाही. त्या न समजल्याचा फटका मात्र ऐन हंगामात बसतो. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलतो.

इंटरनेटवरची यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, नावं आपल्या सोयीसाठी आहेत. सुरुवातीच्या काळात नाव आणि आकडा यांची एकच फाइल होती. ती कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या एका संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि बाकीचे संगणक तिथून तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ही व्यवस्था पुरेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली, तीच डीएनएस. तिचं मर्म असं, की सगळी नावं एका जागी ठेवायची नाहीत. डॉट इन सांभाळणाऱ्याला एवढंच माहीत, की अमुक डोमेनची माहिती अमुक नेमसर्व्हरकडे मिळेल. पुढचं त्या नेमसर्व्हरनं सांगायचं. आणि तो काय सांगेल, हे ठरवण्याचा अधिकार डोमेनच्या मालकाचा. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी हे तत्त्व टिकून आहे. मला त्याचं फार मोल वाटतं.

मालक हे ठरवतो ते डीएनएस नोंदींतून. आता त्या नोंदींचा पडदा उघडू या. त्यावर साधारण चार रकाने असतात: प्रकार, नाव, मूल्य आणि टीटीएल. 'ए' प्रकारची नोंद डोमेनला चार आकड्यांच्या पत्त्याशी जोडते, चार वेळा 'ए' असलेली नोंद नव्या, लांब पत्त्याशी. सीनेम म्हणजे एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं नाव बहुतेक वेळा असंच वळवलेलं असतं. नावाच्या रकान्यात नुसतं 'ॲट'चं चिन्ह दिसलं तर ते खुद्द डोमेन समजावं. इथे एक चूक हमखास होते. त्या रकान्यात पूर्ण नाव लिहिलं, तर बऱ्याच ठिकाणी डोमेन त्याला पुन्हा जोडलं जातं आणि नोंद दुप्पट लांबीच्या, कोणीच न विचारणाऱ्या नावावर जाऊन बसते.

सगळ्यात जास्त जपायची ती एमएक्स नोंद. डोमेनवर येणारी ईमेल कुठे पोचवायची, हे ती सांगते. समजा, वेबसाइट नव्यानं करून घेतली आणि नवा माणूस म्हणाला, "नेमसर्व्हर बदला." बदलले. वेबसाइट झकास उघडली. पण जुन्या जागेवरची एमएक्स नोंद नव्या जागी कोणी उतरवून घेतलीच नाही. एमएक्स सापडली नाही, की पाठवणारा सर्व्हर वेबसाइटच्याच पत्त्यावर मेल द्यायला जातो आणि तिथे बहुधा घेणारं कोणी नसतं. तो काही दिवस खटपट करतो, मग मेल पोचली नाही असं पाठवणाऱ्याला कळवतो. मालकाला यातलं काहीच कळत नाही. त्याला वाटतं, यंदा मागणीच नाही. म्हणून नेमसर्व्हर बदलण्याआधी जुन्या सगळ्या नोंदींची प्रत हाताशी हवी, निदान पडद्याचा फोटो तरी.

टीएक्सटी नोंदींत मजकूर असतो. त्यातली एसपीएफ नावाची ओळ सांगते, की आमच्या नावानं मेल पाठवायची परवानगी कोणाकोणाला आहे. ही ओळ एका नावाला एकच असावी. दुसरी सेवा घेतली तर तिचा उल्लेख त्याच ओळीत करायचा. दोन वेगळ्या ओळी झाल्या, की तपासणीच फसते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, असावं असा गूगलचा नियम आहे. रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही लागतात, वर डीमार्कही, म्हणजे तपासणीत न उतरलेल्या मेलचं काय करायचं हे सांगणारी नोंद. पावत्या स्पॅममध्ये जात असतील, तर आधी इथे पाहावं.

राहिला टीटीएल. एकदा मिळालेलं उत्तर मधले सर्व्हर किती सेकंद जवळ ठेवतील, तो हा आकडा. ८६४०० म्हणजे पूर्ण एक दिवस. वेबसाइट रविवारी हलवायची असेल, तर शुक्रवारीच हा आकडा ३०० करावा, म्हणजे बदल पाच-दहा मिनिटांत बहुतेकांपर्यंत पोचतो. रविवारी सकाळी आकडा कमी करून उपयोग नाही. जुनं उत्तर तोवर लोकांकडे गेलेलं असतं. जुना सर्व्हरही दोन दिवस चालू ठेवावा.

देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं, मराठी नावाचं डोमेन घेता येतं. याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त नोंदींच्या पडद्यावर ते 'एक्स, एन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत दिसेल. तेव्हा गोंधळू नये, ते आपलंच नाव असतं.

जमिनीचा सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर राहू देत नाही. डोमेनचंही तसंच करा. नोंदणी तुमच्या किंवा संस्थेच्या नावावर आहे का पाहा, लॉगिन मागून घ्या. आणि नूतनीकरणाची सूचना कोणत्या ईमेलवर येते, ते आजच तपासा. तो पत्ता त्याच डोमेनवरचा असेल तर बदला, कारण डोमेनची मुदत संपली की तो पत्ताही बंद पडतो.