कोणते मार्क कुठे लागतात?
(संघाच्या मासिक सभेतील भाषण)



निकालाचे दिवस आले की आपल्या बैठकीत एकच प्रश्न असतो, “तुझ्या पोरीला किती पडले?” आकडा कमी असला की बाई मान खाली घालते. मीही घातली होती.

माझ्या थोरलीला दहावीला ५८ टक्के पडले. घरात सगळे म्हणाले, “एवढ्यावर कोण घेतंय?” मी कुणालाच विचारलं नाही. पोरगी दोन वर्षं घरी बसली आणि अठरा पूर्ण होताच तिचं लग्न झालं. पुढे धाकटीच्या वेळी कळलं, की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला पात्रता दहावीला ३५ टक्क्यांची आहे. थोरलीचा नंबर लागला असता की नाही, माहीत नाही. पण आम्ही अर्जच भरला नाही, हे मला अजून सलतं. म्हणून आज बोलायला उभी राहिले.

आपल्या गटाच्या वहीत बचतीचा रकाना वेगळा, कर्जाचा वेगळा. मार्कांचंही तसंच आहे. कोणते मार्क कुठे धरतात, ते नीट समजून घ्या.

दहावीचे मार्क अकरावी, आयटीआय आणि डिप्लोमा यांच्या प्रवेशाला लागतात. तिथे गुणवत्ता यादी याच मार्कांवर लागते. नावाजलेलं कॉलेज किंवा मागणी असलेली शाखा हवी असेल, तर एकेक मार्क मोलाचा. म्हणून नववी-दहावीच्या पोरीला ऐन अभ्यासात शेतावर किंवा लग्नकार्याला अडकवू नका.

बारावीनंतर हिशोब बदलतो. राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीला नंबर मुख्यतः सीईटीच्या गुणांवर लागतो. बारावीला खुल्या गटात ४५ आणि राखीव गटात ४० टक्के लागतात, तेही फिजिक्स, केमिस्ट्री, गणित या विषयांत. डॉक्टरकीला ‘नीट’ परीक्षा. तिथे खुल्या गटाला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत ५० टक्के, राखीव गटाला ४० टक्के हवेत.

मग कुणी म्हणेल, बारावीकडे दुर्लक्ष केलं तरी चालतंय. तसं करू नका. आयआयटी, एनआयटीसाठी जेईई चांगली गेली, तरी बारावीला ७५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ६५. तेवढे नसतील तर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. शिवाय सीईटी बारावीच्याच अभ्यासावर असते, थोडा भाग अकरावीचा. म्हणजे अकरावी ‘आरामाचं वर्ष’ नव्हे.

आता कमी मार्कांची गोष्ट. माझ्या धाकटीला ६१ टक्के पडले. तिने डिप्लोमाचा अर्ज भरला आणि तिचा नंबर लागला. डिप्लोमा पूर्ण झाला की त्याच्या मार्कांवर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, त्याला सीईटी लागत नाही. दहावीला मागे राहिलेली पोरगी तीन वर्षं मन लावून शिकली, तर पुन्हा रांगेत पुढे येते.

पैशाचं म्हणाल, तर २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिक दुर्बल, मराठा (एसईबीसी) आणि ओबीसी घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. म्हणून कुणी एजंट “थेट सीट देतो” म्हणाला, तर गटाचं कर्ज काढून त्याच्या हातात देऊ नका.

आणि कागदं! उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर. यातले आपल्याला लागू असतील ते निकालाआधीच तयार करा. मार्क असूनही एका कागदापायी प्रवेश हुकतो.

एवढंच मागते. येत्या बैठकीत बचत गोळा झाली की पाच मिनिटं काढा. दहावी-बारावीच्या पोरी कुणाकुणाच्या घरी आहेत, ते लिहून घ्या. कोणाची कागदं राहिली, कोणाचा फॉर्म राहिला, ते विचारा. आणि कुणी “एवढ्यावर कोण घेतंय” म्हणालं, तर गप्प बसू नका. आधी विचारा, मग ठरवा.

मी थोरलीच्या वेळी विचारलं नाही. तुम्ही विचारा.