कृतज्ञता, दान आणि निरोपाचा ऋतू

(विद्यार्थी गुणगौरव व निरोप समारंभात केलेले भाषण)





संयुक्त अरब अमिरातीतील आपल्या मुलांची शाळा ही एक धर्मशाळाच आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. जुलै-ऑगस्टच्या सुटीत कुटुंबे मायदेशी जातात आणि शाळा पुन्हा भरते तेव्हा वर्गातील काही बाके रिकामी असतात. कुणाच्या वडिलांची नोकरी संपलेली असते, कुणाला दुसऱ्या देशात काम मिळालेले असते. आपल्यापैकी बहुतेकांचा निवासाचा परवाना नोकरीवर अवलंबून असल्यामुळे नोकरीबरोबर मुलाची शाळा, मित्र आणि शिक्षिकाही सुटतात. बारावी झालेली आपली मुलेही लवकरच दूरदूर पांगतील. ज्याचे उपकार फेडावयाचे तोच उद्या समोर राहणार नसेल, तर कृतज्ञता व्यक्त करावी तरी कोणापाशी, हा प्रश्न आज मला आपल्यासमोर ठेवावयाचा आहे.

धम्मात या प्रश्नाचा विचार झालेला आहे. अंगुत्तर निकायात दोन प्रकारची माणसे दुर्लभ मानली आहेत : आपण होऊन प्रथम उपकार करणारा आणि केलेले उपकार जाणणारा. वर्षावासाची प्रथाही पाहा. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खू एका ठिकाणी राहतात, आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि कठीण चीवरदानानंतर ते पुन्हा चारिकेला निघतात. निरोपाचा ऋतू हाच दानाचा ऋतू ठरविला आहे. शिवाय हे चीवर एखाद्या आवडत्या भिक्खूच्या हाती द्यावयाचे नसते. ते संघाला द्यावयाचे असते आणि ते कोणाला द्यावे हे संघ ठरवितो.

बाबासाहेबांच्या चरित्रात याच प्रश्नाचे उत्तर अधिक स्पष्ट दिसते. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करावयाची होती. १९१७ साली ते बडोद्यास रुजूही झाले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास घर मिळेना आणि अखेर शहर सोडावे लागले. परतफेडीचा तो मार्ग जातिव्यवस्थेने बंद केला. मग त्या विद्येचे ऋण कोठे गेले? ते १९२५ साली सोलापूरच्या वसतिगृहात गेले. १९४५ साली स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीत, १९४६ च्या सिद्धार्थ महाविद्यालयात आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयात गेले. धारवाडच्या वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून माता रमाईंनी हातातील सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्या मुलांनी रमाईंना त्या बांगड्या कधी परत करावयाच्या होत्या?

मी व्यवसायाने डॉक्टर आहे. रक्त घेतलेला रुग्ण ते रक्त दात्याला परत करू शकत नाही. बहुधा त्याला दात्याचे नावही ठाऊक नसते. परंतु त्याचा भाऊ किंवा मुलगा उद्या दुसऱ्या रुग्णासाठी रक्त देऊ शकतो. रक्तपेढी चालते ती अशी. शिक्षणाचेही तसेच आहे. माझे वैद्यकीय शिक्षण सरकारी शिष्यवृत्तीवर झाले. वसतिगृहातील स्वयंपाकीणबाई वॉर्डातून उशिरा परतणाऱ्या मुलांसाठी दोन भाकऱ्या झाकून ठेवीत. त्या आज हयात नाहीत. त्यांचे ऋण मी त्यांना देऊ शकत नाही. वसतिगृहात आज जेवणाऱ्या मुलालाच देऊ शकतो.

आपल्या मुलांना हा हिशेब माहीत नाही, याची मला खरी चिंता वाटते. त्यांच्या शाळेची फी वडिलांच्या पगारातून जाते, एवढेच त्यांना दिसते. तो पगार ज्या शिक्षणामुळे मिळतो, त्याच्या मागे कोणाचे वसतिगृह, कोणाची शिष्यवृत्ती आणि कोणाच्या भाकऱ्या होत्या, हे आपणच त्यांना सांगितलेले नाही. ही साखळी एका पिढीत तुटू शकते.

म्हणून तीन सूचना करतो. पहिली, शाळा सोडताना प्रत्येक विद्यार्थ्याने शिक्षकांना, तसेच बसमधील मदतनीस ताईंना आणि झाडलोट करणाऱ्या कामगारांना स्वतः भेटून त्यांचे आभार मानावेत. दुसरी, वापरलेली पुस्तके आणि गणवेश खालच्या वर्गातील मुलाला द्यावेत. तिसरी, प्रत्येक कुटुंबाने आपल्या जिल्ह्यातील एका गरजू विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च उचलावा. मात्र त्यासाठी येथे वर्गणी गोळा करू नये. या देशाच्या २०२१ च्या कायद्यानुसार देणग्या गोळा करण्याचा अधिकार परवानाधारक संस्थांनाच आहे. आपले दान आपण स्वतः, मायदेशातील आपल्या खात्यातून, थेट शाळेला किंवा वसतिगृहाला द्यावे. पावती घ्यावी आणि ती मुलांना दाखवावी. दात्याच्या नावाची पाटी लावण्याचा आग्रह धरू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही जेथे जाल तेथे तुमच्या आधी कोणीतरी तुमच्यासाठी दार उघडून ठेवलेले असेल. त्याचे नाव कळले तर आभार माना. नाही कळले, तर आपल्या मागून येणाऱ्यासाठी ते दार उघडे ठेवा.



नमो बुद्धाय! जय भीम!