थांबणारा माग, विचारणारा संगणक



कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतील पहिल्या यशस्वी सूतगिरणीची स्थापना केली. पुढे परळ-लालबागचा परिसर गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. तेथील साचाखात्यात विणकराच्या हाताइतकीच त्याच्या नजरेची कसोटी लागे. ताण्याचा एक धागा तुटूनही माग चालू राहिला, तर तोच दोष पुढच्या सर्व कापडात उतरे.

स्वयंचलित मागाने यावर साधा उपाय शोधला. जपानच्या साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये सिद्ध केलेला माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. अशा मागात ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची पातळ पट्टी लोंबत असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, माग थांबतो आणि विणकर तेथे धावतो. जे यंत्राला कळत नाही, ते माणसाला विचारण्यासाठीच हे थांबणे असते.

गिरणगावातील अनेक गिरण्यांच्या जागी आज कार्यालये आहेत. लोअर परळचे कमला मिलचे आवार हे त्याचेच उदाहरण. अशा कार्यालयांत धाग्यांऐवजी आकडे विणले जातात. नियोजनाची संगणक-प्रणाली गतवर्षीचा खर्च नव्या वर्षात उतरविते, त्यावर वाढीचा दर लावते, सामाईक खर्च विभागांत वाटते आणि अंदाजपत्रक मंजुरीसाठी पुढे पाठविते. परंतु वाढीचा दर किती धरावा? आधी भरलेले आकडे पुसावेत काय? ही उत्तरे प्रणालीपाशी नसतात. तेथे तिने थांबून विचारले पाहिजे. न विचारता तिने जुनाच दर लावला, तर चूक प्रत्येक विभागाच्या हिशेबात शिरते.

मात्र वारंवार विचारणे हाही दोषच होय. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने सार्वत्रिक संप झाला. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, ही मागणी त्यामागील एक प्रमुख कारण होती. एका माणसाचे लक्ष किती ठिकाणी पुरणार, हा तेव्हाचा प्रश्न आजही जुना झालेला नाही. पावलोपावली प्रश्न आले की कर्मचारी न वाचताच ‘होय’ची कळ दाबतो, मग विचारणे आणि न विचारणे सारखेच.

म्हणून काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. जे आधी ठाऊक असू शकते, ते आरंभीच विचारावे. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात मध्यरात्री उत्तर द्यायला कोणी नसते. प्रश्न सोप्या भाषेत असावा व उत्तराचा परिणामही तेथेच सांगावा. ज्याला अधिकार आणि माहिती आहे, त्यालाच तो विचारावा. तो अनुपस्थित असल्यास उत्तर कोणी द्यावे, हे आधीच ठरवावे. कोणी, केव्हा, काय उत्तर दिले याची नोंद राहावी.

ग्रामपंचायतींनाही हा विषय परका नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीत गावाच्या विकास आराखड्याची माहिती भरली जाते. आधी पाणी की आधी रस्ता, या प्रश्नाचे उत्तर संगणकावर बसलेल्या कर्मचाऱ्याचे नव्हे; ते ग्रामसभेचे आहे. पडद्यावरील रिकामा रकाना हा तुटलेला धागाच होय. तो अंदाजाने भरून काम पुढे रेटण्यापेक्षा क्षणभर थांबून गावाला विचारणे अधिक हिताचे ठरेल.