धाप कुठे लागते?

सिंहगड चढताना एखाद्या वळणावर पाय आपोआप थांबतात. आपण म्हणतो, धाप लागली. पण ती लागते कुठे? फुप्फुसात, रक्तात, की मेंदूत? डॉ. अवतारसिंग पैंटल यांनी या प्रश्नाचा पाठलाग चाळीस वर्षं केला. आज त्यांच्याविषयीच बोलायचं आहे.

जन्म 1925 चा, ब्रह्मदेशातल्या मोगोकचा. माणकांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. वैद्यकीचं शिक्षण लखनौला झालं. रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली आणि 1950 मध्ये ते एडिंबराला डेव्हिड व्हिटरिज यांच्याकडे गेले. तिथे त्यांच्या हाताला जे वळण लागलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

हृदय, फुप्फुसं, जठर यांच्याकडून मेंदूकडे बातम्या नेणारी व्हेगस नावाची नस मानेतून जाते. तिच्यात हजारो तंतू असतात. सगळ्यांचे विद्युत्संकेत एकदम ऐकले, तर भर बाजारातला गलका ऐकू यावा तसं होतं. एकाचं बोलणं ऐकायचं तर त्याला वेगळं काढावं लागतं. जाड तंतूंच्या बाबतीत हे आधीच साधलं होतं. पण अतिशय बारीक, आवरण नसलेल्या तंतूंच्या वाटेला फारसं कुणी जात नसे. त्यांचे संकेत क्षीण, आणि वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. बेशुद्ध केलेल्या मांजराची नस लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवून, सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने उकलत, पैंटल त्या तंतूंपर्यंत पोचले. हात जरा हलला की तंतू गेला आणि दिवसही गेला. मी विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो, तेव्हा पुस्तकातल्या या तंतूंविषयीच्या एका ओळीमागे असे किती दिवस गेले असतील, हे त्यांना आवर्जून सांगत असे.

ते परतले ते कानपूरच्या एका संरक्षण प्रयोगशाळेत. जठर ताणलं गेलं की मेंदूला कळवणाऱ्या संवेदकांवरचा त्यांचा निबंध 1954 मध्ये तिथूनच गेला. पोट भरल्याची जाणीव कशी होते, याचा एक धागा त्यात आहे. पाठोपाठ 1955 मध्ये फुप्फुसातल्या एका नव्या संवेदकाची बातमी आली. फुप्फुस आकसलं की तो जागा होई, म्हणून त्यांनी त्याला ‘आकुंचन-संवेदक’ असं नाव दिलं.

तो नेमका कुठे आहे, हे त्यांनी काळ मोजून शोधलं. हृदयाच्या उजव्या बाजूला फिनाइल डायग्वानाइड हे रसायन सोडलं, तर रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला पोचण्याआधीच तंतू बोलू लागे. म्हणजे संवेदक वाटेतच, फुप्फुसातल्या केशवाहिन्यांच्या आसपास असणार. शिरेतून बटाट्याच्या स्टार्चचे कण सोडून या केशवाहिन्या तुंबवल्या, तरीही तो जागा होई. मग आपण दिलेलं नाव बरोबर आहे का, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. फुप्फुस आकसणं हे काही या संवेदकाचं खरं निमित्त नव्हे. केशवाहिन्यांत रक्त साचून भोवतालच्या ऊतीत पाणी झिरपू लागलं, की तो खरा चेततो. 1969 मध्ये त्यांनी आधीचं नाव मागे घेतलं आणि ‘जे रिसेप्टर’ हे नवं नाव रूढ केलं. ‘जे’ हे ‘केशवाहिनीलगतचा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं आद्याक्षर. संशोधक म्हणून त्यांची उंची मला इथे सर्वांत जास्त दिसते. पहिल्या नावाने कीर्ती मिळाली होती, तरी ते नाव सोडताना त्यांनी हात आखडला नाही.

पुढच्याच वर्षी देशपांडे आणि देवनंदन या संशोधकांनी दाखवलं की हे संवेदक चेतवले की पायांच्या स्नायूंच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. दमछाक होते तेव्हा फुप्फुसंच पायांना थांबवत असावीत, असं पैंटल यांना वाटे. यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. तो असू द्या, पण सिंहगडाच्या त्या वळणावर मला ही कल्पना हटकून आठवते.

मानमरातब थोडक्यात सांगतो. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचं संचालकपद, 1981 मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व आणि 1986 पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं महासंचालकपद. विज्ञानातल्या सचोटीसाठी झटणारी ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ उभी करण्यातही ते पुढे होते. स्वतः दिलेलं नाव स्वतःच दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे काम शोभत होतं.

एक गोष्ट मात्र राहिली होती. जे रिसेप्टर चेतले की मांजराचा श्वास जलद आणि उथळ होतो, हे मोजता येतं. पण त्याला काय वाटतं हे मांजर सांगत नाही. म्हणून पैंटल आणि त्यांचे सहकारी माणसांकडे वळले. स्वखुशीने पुढे आलेल्यांच्या शिरेत ते हेच संवेदक चेतवणारं लोबेलीन नावाचं औषध अगदी बेताने टोचत आणि विचारत: काही जाणवतंय? कुठे? लोक घशाकडे आणि छातीच्या वरच्या भागाकडे बोट दाखवत, आवळल्यासारखं होतंय म्हणत. मात्रा वाढली की कोरडा खोकला येई. मांजर आणि माणूस यांची सांगड घालणारा तो निबंध 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते, आणि समोरच्या माणसाला अजून विचारत होते, नेमकं कुठे वाटतंय?