पेन्सिल टेकण्याआधी

वस्तीच्या नियोजनात रहिवाशांचा सहभाग म्हणजे रस्ता, नळ, गटार, शाळा, मैदान यांच्या जागा ठरवताना त्या जागांच्या आसपास राहणाऱ्या माणसांचे म्हणणे निर्णयाआधी ऐकून घेणे. या व्याख्येतला ‘निर्णयाआधी’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा, आणि व्यवहारात नेमका तोच गाळला जातो. आज पदवी घेणाऱ्या नगररचनाकारांचे अभिनंदन. प्रस्तुत वक्त्याचे सारे बोलणे या एका शब्दाभोवतीच फिरणार आहे.

कल्पना नवी नाही. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस 1914 साली भारतात आले, त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले आणि 1919 पासून काही वर्षे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. शहर आधी पायी फिरून समजून घ्यावे, औषध मागाहून सांगावे, हा त्यांचा आग्रह. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी घरांच्या रांगा पाडण्यापेक्षा मोजकी पडकी घरे हलवावीत, मोकळ्या झालेल्या जागेत झाड लावावे, विहीर साफ करावी, असे ते सांगत. होळकरांच्या इंदुरातली त्यांची हकिगत त्यांच्या चरित्रांत येते. प्लेगने शहर हैराण होते. गेडीस यांनी दिवाळीला नवी मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले, की ती नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या भागातली घरे सर्वांत जास्त झाडली-सावरली असतील, त्या भागातून जाईल. शहरभर साफसफाईची चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत मानाने चालणारे सफाई कामगार होते. लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली.

वक्त्याच्या विद्यार्थिदशेत गेडीस हे नाव पाच गुणांच्या टिपेपुरते होते. मिरवणुकीची गोष्ट वर्गात कोणी सांगितली नाही. ती नोकरीच्या पंधराव्या वर्षी कळली. ही खंत आजही कमी झालेली नाही.

कायद्याची वाट वेगळी गेली. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने नगररचना योजना आल्या, 1954 च्या कायद्याने शहराचा विकास आराखडा आला, आणि आजचे काम चालते ते 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यावर. त्यातला क्रम असा: नियोजन प्राधिकरण आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते, विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार होतो, त्यावरून प्रारूप आराखडा बनतो आणि प्रसिद्ध होतो, मग ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात. त्यांची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले तज्ज्ञ असतात. शेवटची मंजुरी शासनाची. म्हणजे रहिवासी या प्रक्रियेत पहिल्यांदा येतो तो आराखडा छापून झाल्यावर, आणि येतो तो हरकतदार म्हणून. आरक्षणे पडलेली असतात, रेघा मारून झालेल्या असतात, अधिकाऱ्याच्या मनातही आराखडा पक्का झालेला असतो.

अशाच एका सुनावणीत वक्ता कनिष्ठ सहायक म्हणून टिपणे घेत होता. शहराचे नाव सांगण्याचे कारण नाही. दर हरकतदाराला मोजकी मिनिटे मिळत होती. एक बाई आल्या, हातात कागद नव्हता, सुतळीचे भेंडोळे होते. नकाशात त्यांच्या वस्तीतला रस्ता सहा मीटरचा दाखवला होता. बाईंनी तो ठिकठिकाणी सुतळीने आडवा मोजला होता आणि प्रत्येक मापाला गाठ मारली होती. पहिली गाठ नळकोंडाळ्यापाशी, दुसरी गिरणीपाशी, तिसरी संडासाच्या वळणावर. त्यांनी टेबलावर सुतळी ताणून तिसरी गाठ दाखवली. तिथे माणसाने दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागल्या असत्या. आदल्या पावसाळ्यात सासऱ्यांना चादरीत घालून तिथून मुख्य रस्त्यावर आणावे लागले होते, कारण रुग्णवाहिका आत येईना. बाईंचे मागणे एवढेच होते, की वळणावरचा पडका गोठा हलवावा. बाकी रस्त्याला हात लावू नये.

गेडीस यांनी सांगितले असते तेच त्या सांगत होत्या. टिपणीत मात्र लिहिले गेले, ‘हरकत स्थानिक स्वरूपाची असल्याने फेटाळण्यात येत आहे.’ ते वाक्य वक्त्याच्याच हस्ताक्षरात आहे. सहा मीटरची रेघ जुन्या मोजणी नकाशावरून उचलली होती, आणि जागेवर जाऊन टेप लावायला कोणी गेले नव्हते.

येथेच व्यवसायाविषयीची जुनी तक्रार मांडायला हवी. नगररचनाकाराचे काम जोखले जाते ते आराखडा मुदतीत सादर झाला का, एवढ्यावर. वस्तीत घालवलेल्या दिवसांची नोंद कुठल्याही गोपनीय अहवालात होत नाही. वस्ती ओळखीची होऊ लागते तोच बदलीचा आदेश येतो. जमीनवापराचे सर्वेक्षण बाहेरच्या सल्लागाराला दिले जाते आणि त्याने पाठवलेली मुले गाडीतून उतरून घराघरावर रंगाचे सांकेतिक क्रमांक टाकून जातात.

याची किंमत मोठ्या शहरांनी मोजली आहे. मुंबईचा 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतक्या चुका निघाल्या, की एप्रिलमध्ये शासनाने तो नव्याने करायला सांगितले. सुधारित प्रारूप 2016 मध्ये आले, मंजुरी 2018 मध्ये मिळाली. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या 2013 मधल्या प्रारूपावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. 2015 मध्ये ते काम महापालिकेकडून काढून शासनाने आपल्या हाती घेतले. या आकड्यांना लोकसहभागाची पावती म्हणण्याची पद्धत आहे. वक्त्याचे मत उलट आहे. हजारो माणसांना हरकत घ्यावी लागते, याचा अर्थ त्यांना आधी कोणी विचारले नव्हते.

आधी विचारण्याचे नमुने महाराष्ट्रातच आहेत. पुणे महापालिकेने 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामे मागवायला सुरुवात केली. ब्राझीलच्या पोर्तू अलेग्रे शहरात 1989 मध्ये रुजलेल्या पद्धतीची ही भारतातली सुरुवातीची आवृत्ती. पदपथ, दिवे, बाक, बसथांबा अशी पाच लाखांपर्यंतची कामे एका पानाच्या अर्जावर सुचवता येऊ लागली. रकमा लहान आहेत आणि मोठी गटारे त्यात बसत नाहीत, तरी पैसा कुठे जावा हे आधी सांगण्याची सवय त्यातून लागते. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी 1996 च्या सुमारास गल्लीतला कचरा वेगळा करायला घेतला आणि महापालिकेची परिसर व्यवस्थापनाची योजना त्यातून आकाराला आली.

झोपडवस्त्यांतले काम अधिक शिकवणारे आहे. प्रतिमा जोशी आणि त्यांच्या सहकारी वास्तुरचनाकारांनी 1993 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या शेल्टर असोसिएट्सने वस्त्यांचे घरनिहाय नकाशे रहिवाशांबरोबर तयार केले; सांगलीतही ते काम झाले. कुठल्या घरात संडास नाही, सांडपाण्याची वाहिनी किती अंतरावर आहे, हे नकाशावर दिसू लागल्यावर घरोघरी संडास शक्य आहे की नाही, हा वाद मतांचा राहत नाही, फुटांचा होतो. विद्यमान जमीनवापराचा नकाशा असाच व्हायला हवा, आणि यासाठी कायदा बदलण्याचीही वाट पाहायला नको. सर्वेक्षणात रहिवाशांना सोबत घेऊ नये, असे 1966 च्या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही.

रहिवाशांचे म्हणणे ऐकण्याच्या कायमच्या व्यासपीठाची बाजू थोडक्यात सांगता येते. 1993 मध्ये अंमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्रात त्यांवर स्वयंसेवी व वस्तीपातळीच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. मतदान केंद्राच्या पातळीवरच्या क्षेत्रसभेची तरतूदही कायद्यात पुढे आली, पण ती प्रत्यक्षात भरलेली पाहिलेला रहिवासी शोधावा लागतो.

उरतो प्रश्न कोण येते याचा. सुनावणी सकाळी अकराला असते, तेव्हा निवृत्त माणसे आणि जमीनमालक येऊ शकतात. धुणीभांडी करणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या, भाड्याने राहणाऱ्यांना तो दिवसाचा खाडा असतो. वक्त्याने नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एका वस्तीत सर्वेक्षणाची बैठक रात्री नऊला, नळकोंडाळ्यापाशी घेतली. नळाला पाणी तेव्हाच यायचे. हंडे रांगेत ठेवून बायका नकाशाभोवती बसल्या आणि अर्ध्या तासात त्यांनी नकाशावर नसलेले दोन बोळ, एक बुजलेले चेंबर आणि एक बालवाडी दाखवली. त्या रात्रीच्या नोंदी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन तपासल्या. चारही बरोबर निघाल्या आणि प्रारूप छापण्याआधी नकाशावर चढल्या.